जर्मनी जिंकल्याचा तो सिनेमा कोणता? शेवट बघायचा राहिलाय

जेलरोडचा_बंड्या

मंडळी, वीस वर्षं डोक्यात अडकलेली गोष्ट आहे, हसू नका. मी दहावीत होतो, लोडशेडिंगचा जमाना, आमच्या नाशिकरोडला लाइट कधी जाणार त्याचं टाइमटेबल पेपरात छापून यायचं आणि ते पण पाळलं जायचं नाही. एका रात्री केबलवर इंग्लिश सिनेमा लागला होता. दुसरं महायुद्ध जर्मनीने जिंकलंय, साल १९६४, हिटलर म्हातारा झालाय पण जिवंत आहे, त्याच्या पंचाहत्तरीची जंगी तयारी चाललीय, बर्लिनमध्ये एक अवाढव्य घुमट बांधलाय, आणि एक पोलीसवाला, एसएसच्याच (हिटलरची खास फौज) काळ्या युनिफॉर्ममधला पण माणूस बरा, तळ्यात सापडलेल्या एका बॉडीच्या मागे लागलाय. सोबत एक अमेरिकन पत्रकार बाई. मग हळूहळू कळतं की जुने बडे अधिकारी एकेक करून मरतायत आणि हे सगळे कधीतरी एका मीटिंगला हजर होते. त्या मीटिंगचे कागद बाईच्या हाती लागतात, अमेरिकेचा अध्यक्ष बर्लिनला आलेला असतो, बाई ते कागद घेऊन गर्दीतून त्याच्यापर्यंत पोचायला बघतेय आणि लाइट गेली.

पहाटे आली परत. तोपर्यंत काय राहणार.

तर एक, सिनेमाचं नाव काय. दोन, कागद पोचले का. तीन, ती मीटिंग खरी झाली होती की स्टोरीसाठी बनवली, कारण सोफ्यावर अण्णा (माझे वडील) पण अर्धवट झोपेत बघत होते आणि त्यांनी सकाळी चहा घेताना एवढंच विचारलं होतं, "ते कागद खरे असतील का रे?" अण्णा तेव्हा प्रेसमध्ये होते. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं की नोटांची प्रेस, वर्तमानपत्राची नाही.

आणि चौथा प्रश्न जरा भांडण लावणारा आहे, आपल्याकडे असा सिनेमा का बनत नाही? म्हणजे पानिपत जिंकलो असतो तर, यावर दर संक्रांतीला व्हॉट्सॅपवर निबंध येतात, पण थ्रिलर एक नाही.

शाईचा_डाग

फादरलँड. १९९४ चा. एचबीओने टीव्हीसाठी बनवलेला, म्हणून थेटरात कोणी बघितलेला नसतो आणि म्हणून कोणाला नाव आठवत नाही. पोलीसवाला म्हणजे रूटगर हाऊर, बाई म्हणजे मिरांडा रिचर्डसन. रॉबर्ट हॅरिसच्या १९९२ च्या कादंबरीवरून काढलाय.

कागद पोचतात. अध्यक्ष बघतो आणि भेट न घेताच माघारी फिरतो. हाऊर मरतो. वीस वर्षं थांबलास म्हणून सांगून टाकलं, बाकीच्यांनी डोळे मिटून घ्या.

मला विचारशील तर शेवट गुळचट आहे, कादंबरीत असं काही होत नाही, तिथे बाई कागद घेऊन सीमेकडे गेलीय, पोचली की नाही कळतच नाही, आणि हा माणूस पोलंडमधल्या एका मोकळ्या माळावर जमीन उकरून विटा शोधतोय. ज्यूंना मारायची छावणी तिथे होती, ती पाडून टाकलेली असते ना, खूण म्हणून काही तरी सापडावं म्हणून. सिनेमावाल्यांना ते परवडत नाही, त्यांना गाडीचा ताफा वळवायला लागतो.

एक मजा सांगतो, तो अध्यक्ष केनेडी आहे पण आपल्याला माहीत असलेला केनेडी नाही, त्याचा बाप जोसेफ. खरा जोसेफ केनेडी १९३८ ते ४० लंडनला अमेरिकेचा राजदूत होता आणि हिटलरशी जुळवून घ्या या मताचा होता. म्हणजे लेखकाने माणूस हवेतून आणला नाही, जो खरंच तिकडे झुकलेला होता त्यालाच खुर्चीत बसवला. आणि हिटलरची पंचाहत्तरी २० एप्रिल १९६४ लाच येते, हिशोब करून बघा.

प्लिंथ_लेव्हल

त्या घुमटाबद्दल बोलायला परवानगी द्या, धंदा बांधकामाचा आहे, राहवत नाही.

तो घुमट दिग्दर्शकाच्या डोक्यातून आलेला नाही. हिटलरचा आर्किटेक्ट आल्बर्ट श्पेअर याचा खरंच प्लॅन होता, बर्लिन पाडून तिथे नवीन राजधानी, मधोमध जवळपास २९० मीटर उंचीचा हॉल, आत एक लाख ऐंशी हजार माणसं उभी राहणार. आणि एक विजयकमान, पॅरिसची कमान तिच्या पोटात मावेल एवढी. आता गंमत अशी की बर्लिनची जमीन आहे वाळूची आणि पाणथळ. आपल्याकडे गंगापूर रोडला मळ्यात प्लॉट पाडले तेव्हा काळी माती उपसून मुरमापर्यंत जा म्हणून बोंबलून सांगावं लागायचं, तिथे तर मुरूमच नाही. म्हणून यांनी १९४१ मध्ये काय केलं तर त्या कमानीचा भार जमीन झेलते का बघायला काँक्रीटचा एक भरीव गोल खांब ओतला, वजन १२,६५० टन, आणि बघत बसले किती खचतो ते. तीनेक वर्षांत सुमारे १९ सेंटिमीटर खचला. हे काम करायला फ्रेंच कैदी वापरले.

तो खांब अजून तिथेच आहे. आजूबाजूला लोक राहतात, सुरुंगाने उडवला तर त्यांच्या बिल्डिंगा हलतील म्हणून पाडता आला नाही, मग शेवटी जपायची वास्तू म्हणून नोंदवून टाकला.

तर माझं म्हणणं, सिनेमात १९६४ ला सगळं चकाचक उभं दाखवलंय ते मला पटलं नाही. जिंकले असते तरी दहा वर्षांत कमानीला तडे गेले असते आणि त्या तड्यांबद्दल बोलायची कोणाची हिंमत झाली नसती. यावर थ्रिलर काढा ना, एक साइट इंजिनिअर, रोज सकाळी लेव्हल घेतो, आकडा रोज थोडा वाढतोय, आणि तो आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा की नाही. मी पहिल्या दिवशी पहिला शो बघेन.

जेलरोडचा_बंड्या

@शाईचा_डाग थँक्यू रे, वीस वर्षांचा काटा काढलास. @प्लिंथ_लेव्हल तुमची स्टोरी भारी आहे पण हिरो दिवसभर स्टाफ धरून उभा, गाणं कुठे टाकणार.

मीटिंगचं कोणी सांगेल का? अण्णांना सांगायचंय.

पंचवटीच्या_बाई

मीटिंग खरी आहे. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पुस्तकात महायुद्धाचा धडा केवढासा होता त्यामुळे हे कधी सांगायला मिळालं नाही, आज सांगते, लांबलं तर सोसा.

२० जानेवारी १९४२. बर्लिनच्याच कडेला वानझे नावाचा मोठा तलाव, त्याच्या काठी एक बंगला. पंधरा माणसं. एसएसचा बडा अधिकारी हायड्रिश अध्यक्ष, त्याच्या हाताखालचा आइशमन टिपणं घ्यायला. विषय काय, तर युरोपातल्या १ कोटी १० लाख ज्यूंचं काय करायचं. दीडेक तास चालली, मग खाणंपिणं झालं. पंधरापैकी आठ जण डॉक्टरेट केलेले होते, हे मी मुलांना मुद्दाम सांगायचे. तिथे कोणी आरडाओरड केली नाही, टेबलावर मुठी आपटल्या नाहीत, निरनिराळ्या खात्यांचे सचिव पातळीचे लोक होते, कुठलं खातं काय करेल, कोणाची हद्द कुठवर, याची वाटणी झाली. मारणं तर आधीच चालू होतं, पूर्वेकडे लाखो माणसं तोवर गोळ्या घालून संपवली होती, ही बैठक होती ते सगळं सरकारी यंत्रणेच्या चाकोरीत बसवायला. आणि वृत्तान्तात मारणे हा शब्द नाही बरं का. "पूर्वेकडे स्थलांतर". असं लिहिलंय.

आता तुमच्या सिनेमाचा जीव कशात आहे ते ऐका. त्या वृत्तान्ताच्या तीस प्रती काढल्या होत्या, नंबर टाकून. युद्ध संपता संपता सगळीकडे कागद जाळले. एकोणतीस प्रती कुठेही सापडल्या नाहीत. मार्च १९४७ मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यांची (नाझी अधिकाऱ्यांवर चालले ते) तयारी करणाऱ्या माणसांना परराष्ट्र खात्याच्या फायलींमध्ये एक मिळाली, सोळा नंबरची. ती मार्टिन ल्यूटर नावाच्या अधिकाऱ्याची. हा इसम काही साधुसंत नव्हता, बैठकीला हजर होता, पण १९४३ मध्ये त्याने स्वतःच्याच मंत्र्याची खुर्ची ओढायचा उद्योग केला आणि छळछावणीत जाऊन बसला. म्हणजे जगाला ती बैठक कागदावर कळली ती या एका प्रतीमुळे.

सिनेमा काय करतो, जर्मनी जिंकली असती तर ती सोळा नंबरची प्रत कोणाच्या हाती लागली असती, एवढाच प्रश्न विचारतो. युद्धाचे नकाशे वगैरे सुरुवातीच्या पाच मिनिटांत उरकून टाकतो. नॉर्मंडीचं लँडिंग फसलं, अमेरिका युरोपातून निघून गेली, चर्चिल कॅनडात पळाले, झालं, संपलं.

सिनेमात तळ्यात जो मेलेला सापडतो ना, ब्यूलर, तो पण खरा माणूस, त्या बैठकीला होता. खऱ्या जगात त्याला पोलंडमध्ये खटला चालवून १९४८ मध्ये फाशी दिली. आइशमन अर्जेंटिनात १९६० ला पकडला, १९६२ ला फासावर. म्हणजे इकडे सुद्धा ते एकेक करून गेलेच.

आणि बंगल्याचं आता स्मारक आहे, १९९२ मध्ये उघडलं, बैठकीला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी.

जेलरोडचा_बंड्या

बाई, वाचून दाखवलं अण्णांना. तीस प्रती नंबर टाकून म्हटल्यावर उठून बसले. म्हणाले हे बरोबर आहे, नंबर टाकला की जबाबदारी आली. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत, पंख्याकडे बघत होते.

ओझर_रनवे

सगळे बर्लिनलाच फिरून आलात, जरा ओझरला या.

सिनेमा १९६४ चा. आपल्या ओझरला एचएएलचा कारखाना कधी आला? १९६४. कशासाठी? मिग-२१ लढाऊ विमानं. मिग कुणाचं? रशियाचं. आता सिनेमातल्या जगात रशियाची अवस्था काय, तर युरालच्या पलीकडे ढकललेत आणि तिकडे अजून गनिमी काव्याने लढतायत. म्हणजे मिग नाही, म्हणजे ओझरचा कारखाना नाही, म्हणजे माझ्या आजोबांना नोकरी नाही, म्हणजे ते चांदवडलाच कांदे लावत बसले असते, म्हणजे मी हे टाइप करत नाही. एका सिनेमाने अख्खं खानदान पुसलं आमचं 😀

पण मस्करी सोडा, या सगळ्या सिनेमांचा मला एक राग आहे. जग म्हणजे बर्लिन, लंडन, वॉशिंग्टन. नॉर्मंडीचं लँडिंग फसलं, बरं. ते जून १९४४. तेव्हा इटलीत आपली माणसं लढत होती की, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी. यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये तिथेच पडले, व्हिक्टोरिया क्रॉस. नामदेव जाधव, हे तर आपल्या शेजारचे, संगमनेरजवळच्या निमजचे, एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना गोळीबारातून पाठीवर आणलं, व्हिक्टोरिया क्रॉस. अमेरिका युरोपातून निघून गेली तर या पोरांचं काय झालं? बोटी मिळाल्या का परत यायला? जर्मनांच्या कैदेत गेली का? सिनेमात त्याला एक वाक्य नाही. पुणे रोडने जाताना निमजची पाटी बघितली की माझ्या डोक्यात हेच येतं.

आणि १९६३ ला यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले ते संरक्षणमंत्री म्हणून, चीनच्या युद्धानंतर. त्या दुसऱ्या जगात चीन काय, आपण काय, इंग्रज इथे होते का गेले होते, काहीच पत्ता नाही. चर्चिल कॅनडात बसून भारत चालवतायत असं इमॅजिन करा.

शाईचा_डाग

@ओझर_रनवे मुद्दा बरोबर पण थ्रिलर म्हणजे जगाचा ॲटलास नाही रे. एक माणूस, एक बॉडी, एक कागद. निमजचा पोरगा आणलास की तो वेगळा सिनेमा, आणि कदाचित जास्त चांगला.

किल्ले_फिरस्ता

चौथ्या प्रश्नावर कोणीच येईना म्हणून मी येतो. पानिपत.

पहिली गोष्ट, आपल्याकडे बनलंच नाही असं नाही, सिनेमा नसेल पण गोष्ट आहे, जयंत नारळीकरांनी कधीच लिहून ठेवलीय, विश्वासरावांना लागणारी गोळी चाटून जाते आणि इतिहास दुसऱ्या फाट्याला लागतो. त्यामुळे विश्वासराव वाचले तर, हा विषय संपला, तो त्यांचा. दुसरं काही तरी शोधा.

दुसरी गोष्ट, मला गोळीचा फाटा पटतच नाही. १४ जानेवारी १७६१ ला दुपारी जे झालं ते तर शेवटचं टोक. माणसं आणि जनावरं आधीच उपाशी होती, अब्दालीने रसद तोडलेली. लढाई हरली ती २५ ऑक्टोबर १७६० च्या आसपास, बागपतला, अब्दाली यमुना उतरून अलीकडे आला तेव्हा. नदीला पाणी होतं, त्याची माणसं वाहून गेली तरी उतरला, आणि आपले भाऊसाहेब तेव्हा वर कुंजपुऱ्याला, ते जिंकून खुशीत. त्या उतारावर हजार-दोन हजार घोडी कोणी ठेवली असती तर? तिथे माझा सिनेमा सुरू होतो. पण मग प्रॉब्लेम असा की नदी उतरताच आलं नाही तर लढाईच नाही, आणि लढाई नाही तर प्रोड्युसर नाही.

पंचवटीच्या_बाई

फिरस्ता, तुम्ही किल्ले फिरता आणि पायाखालचं बघत नाही. पानिपतच्या वेळी दिल्ली कोणाच्या ताब्यात दिली होती भाऊंनी? नारोशंकरांच्या. राजेबहाद्दर. मालेगावचा किल्ला ज्यांनी बांधला ते, आणि गंगेवर ज्यांच्या देवळाची घंटा आहे ते. (गंगेवर म्हणजे गोदावरीवर, नाशिककर सोडून बाकीच्यांसाठी.) देऊळ १७४७ चं, घंटा वसईची, चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हाची. रोज त्या घंटेखालून भाजी घेऊन जातो आपण.

आता प्रसंग ऐका. जानेवारी १७६१ चा पहिला आठवडा. भाऊंच्या छावणीत पैसा नाही, धान्य नाही. दिवाण-इ-आममधला नव्हे, दिवाण-इ-खासमधला चांदीचा पत्रा आधीच उचकटून वितळवला होता, ते रुपये पण उडाले. नारोशंकर दिल्लीहून पैसे पाठवतात, थोडे थोडे, स्वारांच्या अंगावर बांधून, रात्रीच्या वेळी. थंडी, धुकं. आणि एक टोळी रस्ता चुकते. समोर शेकोट्या दिसतात, वाटतं आलो आपल्या छावणीत. आत शिरतात. मराठीत बोलतात.

ती छावणी अब्दालीची होती.

मला सांगा, यापेक्षा मोठा थ्रिलर कोणता हवाय. आणि तो तर खरा झालाय, काही बदलायचीच गरज नाही.

किल्ले_फिरस्ता

बाई __/\__ हे वाचलं होतं पण त्याला नाशिकशी जोडलं नव्हतं.

मग बदलायचं तर एवढंच, टोळी चुकत नाही. पोचते.

प्लिंथ_लेव्हल

पोचली तरी काय फरक? एवढ्या मोठ्या छावणीला ते पैसे किती दिवस पुरणार, आणि पैसे असले तरी धान्य विकायला बाहेर माणूस पाहिजे ना. साइटवर सिमेंटच येत नसेल तर खिशात चेक असून काय उपयोग.

शाईचा_डाग

हेच तर सांगतोय मी. जिंकलो असतो तर किती छान, हा थ्रिलर होत नाही, तो पोवाडा होतो. जर्मनीच्या सिनेमात जिंकणाऱ्याला लपवायला काही तरी आहे म्हणून तो उभा राहतो. मग पानिपत जिंकलेल्या पेशव्यांकडे लपवायला काय असणार, हे सांगा आधी. ते सांगता आलं तर सिनेमा, नाही तर फक्त भगवे झेंडे आणि स्लो मोशनमधली घोडी.

आणि खरं कारण सांगू का सिनेमा बनत नाही त्याचं? जिंकलेल्या पेशव्याने काही लपवलं असं दाखवलं की दुसऱ्या दिवशी पोस्टर फाडायला माणसं हजर. जर्मन लोकांनी स्वतःचं झाकलेलं उकरलं, बंगल्याचं स्मारक केलं. आपल्याला पराभवाचा पण अभिमान आणि विजयाचा पण, मधल्या हिशोबाच्या वह्या कोणाला नको.

ओझर_रनवे

@शाईचा_डाग जर्मन लोकांनी हरल्यावर उकरलं भाऊ. आणि लगेच नाही, बंगल्याचं स्मारक व्हायला १९९२ उजाडलं हे बाईंनीच सांगितलं वर. जिंकले असते तर त्यांनी पण पोस्टरच फाडली असती. तेवढं तरी त्या सिनेमातून घे.

पंचवटीच्या_बाई

भांडू नका, लपवायचं काय ते मी सांगते.

भाऊसाहेबांचं शव. तेव्हाही लोकांना खात्री नव्हती ते गेले याची. त्यांच्या बायकोने, पार्वतीबाईंनी, शेवटपर्यंत, म्हणजे १७८३ पर्यंत, स्वतःला विधवा मानलं नाही. आणि मग भाऊंचा तोतया आला. कनोजी ब्राह्मण, सुखनिधान नाव, दिसायला म्हणे तसाच. माधवराव पेशव्यांनी चौकशी करून कैदेत टाकला, पण माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, सगळा गोंधळ, त्यात १७७६ मध्ये हा रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर पडला आणि कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्याकडे गेले. हजारो माणसं त्याच्यामागे. वर्षअखेरीला पुण्यात देहान्त.

त्या माणसांना काय तो कोण आहे हे कळत नव्हतं? काहींना कळत असणारच. पण त्यांना पंधरा वर्षांपूर्वीचा तो दिवस वेगळा व्हायला हवा होता. तुम्ही ज्याला अल्टरनेट हिस्टरी म्हणता ना, ती आपल्याकडे १७७६ मध्ये घोड्यावर बसून फिरली. पडद्यावर आणायला युद्ध जिंकायची गरजच नाही.

आणि नाशिकचं म्हणाल तर गंगापूरला गोपिकाबाई येऊन राहिल्या होत्या. विश्वासरावांची आई. एक मुलगा पानिपतावर गेला, दुसरा माधवराव क्षयाने, तिसरा नारायणराव शनिवारवाड्यात मारला. आणि ज्या दिराच्या नावाने तो खून बोलला जातो ते राघोबादादा, त्यांचा वाडा आनंदवल्लीला. गंगापूर आणि आनंदवल्ली, सिटीबसने किती मिनिटं लागतात तुम्हीच सांगा. एकाच नदीच्या काठाला. त्या बाईंकडे कोणी येऊन सांगितलं असेल की आईसाहेब, भाऊ जिवंत आहेत, कोकणात आलेत, तर त्यांनी पुढचा प्रश्न कोणता विचारला असेल? मी एकदा नववीच्या वर्गात हा प्रश्न टाकला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, ती विचारेल मग विश्वास कुठाय." वर्ग एकदम गप्प झाला. त्या दिवशी तास वेळेआधी सोडला मी.

किल्ले_फिरस्ता

झालं. स्क्रिप्ट तयार. मी गंगापूरला जाऊन येतो रविवारी, कोण येतंय? येताना मिसळ.

प्लिंथ_लेव्हल

मी येतो. मिसळीला.

जेलरोडचा_बंड्या

शेवटचं अपडेट देतो. सिनेमा मिळाला, कुठे ते विचारू नका, प्रिंट बेकार आहे पण आहे. काल रात्री अण्णांसोबत बघितला. आता इन्व्हर्टर आहे त्यामुळे लाइट गेली तरी फरक पडला नसता, पण नेमकी गेलीच नाही.

मला वाटलं होतं त्यापेक्षा साधा निघाला, डोक्यात मी तो केवढा मोठा करून ठेवला होता, बरेच सीन तर मी स्वतःच बनवले होते असं दिसतंय, एक ट्रेनचा पाठलाग होता माझ्या आठवणीत, तो सिनेमात नाहीच. हाऊरचा छोटा मुलगा आहे त्यात, तोच बापाला पकडून देतो, त्याला शाळेत तसंच शिकवलेलं असतं, ते मला अजिबात आठवत नव्हतं आणि आता तेच डोक्यातून जात नाहीये. स्वतःला पोरगा झाल्यावर बघितला म्हणून असेल.

अण्णा शेवटपर्यंत जागे होते. संपल्यावर म्हणाले, बाईंना एक विचार. आमच्याकडे छापताना कागद खराब झाला तरी तो मोजायचा, खराब किती, चांगला किती, आणि नष्ट करताना समोर माणसं उभी राहून सह्या करणार. जाळलेल्याचं पण रजिस्टर असतं. त्या एकोणतीस प्रती जाळल्या म्हणता, मग त्याच्या सह्या कोणी केल्या?

पंचवटीच्या_बाई

अण्णांना नमस्कार सांगा. उत्तर शोधते, माझ्याकडे तरी नाही.